दोन फुटी टेबलावरचं शाईचं काम

शाईची चित्रं काढायची ठरवली की माणूस पहिला पुण्यातला अप्पा बळवंत चौक गाठतो आणि पिशवीभर सामान घेऊन येतो. त्याआधी घरात मोजपट्टी काढा. ज्या टेबलावर बसणार ते किती बाय किती आहे, तिथे सलग किती वेळ मिळतो आणि उठताना सगळं आवरावं लागतं का, एवढं कळलं की अर्धी खरेदी आपसूक ठरते. उरलेली बरीचशी टळते.

नारायण पेठेतल्या दोन खोल्या असोत की धायरीतला वन बीएचके, वेगळा स्टुडिओ बाळगणारा चित्रकार पुण्यात विरळा. बाकी सगळे जेवणाच्या टेबलावर. पानं घ्यायची वेळ झाली की बोर्ड उचला, दौत उचला, टेबल पुसून द्या. ओल्या तैलरंगाचं चित्र असं रोज उचलून ठेवणं जिकिरीचं. शाई काही मिनिटांत सुकते, तिला टर्पेंटाइनचा वास नाही आणि सगळं सामान बुटांच्या खोक्यात मावतं. म्हणजे छोट्या घरासाठी याहून सोयीचं माध्यम नाही. अडचण एकच आहे. शाईचं काम मध्येच कुठेही सोडता येत नाही. आज अर्धवट सोडलेल्या रेघा उद्या जुळत नाहीत. त्यामुळे चित्र बैठकीच्या मापाचं करायचं, हे या सगळ्या लेखाचं सूत्र समजा.

माप

सुरुवात ए-फोर कागदापासून करा, २१० बाय २९७ मिलिमीटर. दोन फुटी टेबलावर त्याहून थोडा मोठा बोर्ड, दौत, पाण्याची वाटी आणि फडकं एवढं बसतं. घरगुती स्कॅनर ए-फोरचाच असतो, हे दुसरं कारण. तिसरं कारण वेळेचं. बारीक निबनं तळहाताएवढा भाग दाट रेघांनी भरायला तासभर सहज जातो. ए-फोरवरचं भरगच्च चित्र त्या हिशेबानं काही संध्याकाळी मागतं. अर्ध्या इंपिरियलवर, म्हणजे १५ बाय २२ इंचांवर, रोज तासभर बसणाऱ्यानं तेवढीच दाटी करायची म्हटलं तर आठवडे जातात आणि मध्येच हुरूप ओसरतो. मोठं चित्र काढू नका असं नाही. मोठं काढायचं तर मोकळा पांढरा कागद जास्त ठेवा आणि रेघ जाड घ्या.

दिवाळी अंकासाठी चित्र द्यायचं असेल तर छापायच्या मापाच्या दीडपट काढायची जुनी पद्धत आहे. ए-फोरचं ए-फाइव्ह केलं की चित्र साधारण ७१ टक्क्यांवर येतं. म्हणजे तुमची ०.२० मिलिमीटरची रेघ छपाईत ०.१४ची होते. अंकाचा कागद साधा असेल तर अशा रेघा तुटतात, आणि दाट रेघांमधल्या पांढऱ्या फटी बुजून तिथे काळा गोळा दिसतो. म्हणून छपाईच्या चित्रात रेघांमधलं अंतर डोळ्याला बरं वाटतं त्यापेक्षा थोडं जास्तच ठेवावं.

टेबल, दिवा, पंखा

उजव्या हातानं काम करणाऱ्यानं दिवा डावीकडे ठेवावा, डावखुऱ्यानं उजवीकडे. नाहीतर निबचं टोक नेमकं स्वतःच्या हाताच्या सावलीत जातं. दौत मात्र ज्या हातात टाक त्याच बाजूला. दुसऱ्या बाजूला ठेवली की भरलेला टाक दर वेळी चित्रावरून जातो, आणि थेंब पडायला एकदाच पुरतं.

पूर्ण बाटली टेबलावर घेऊच नका. औषधाच्या जुन्या बुटक्या बाटलीत बोटभर शाई ओता आणि ती बाटली दुहेरी चिकट टेपनं काठाच्या ताटलीच्या मधोमध चिकटवा. धक्का लागला तरी सांडलेलं ताटलीत राहतं. भाड्याच्या घरात शहाबादी फरशीवर वॉटरप्रूफ शाई सांडली की डिपॉझिटची आठवण येते.

पंखा बंद ठेवा असं पुण्याच्या एप्रिलमध्ये कुणाला सांगणं बरं नव्हे. पण थेट वाऱ्यात निबवरची शाई टोकाला येईपर्यंत घट्ट होते आणि रेघ सुरूच होत नाही. पंखा एकवर ठेवा, कागद बोर्डला चारही बाजूंनी मास्किंग टेपनं लावा, आणि बोर्डाखाली एक जाड पुस्तक सरकवून हलका उतार द्या. उतार फार झाला तर शाई टोकाकडे नीट येत नाही, अगदी सपाट ठेवलं तर ठिबकते. आपल्या निबला कोणता मानवतो ते पाचेक मिनिटांत कळतं.

कागद

नवशिका निबवर पैसे घालतो आणि कागदावर वाचवतो. उलटं करावं. चांगल्या कागदावर साधी निब चालते, पण वाईट कागदावर कुठलीच निब चालत नाही.

कागदात चिकाचा थर किती आणि कसा दिलाय यावर शाई वर थांबणार की आत झिरपणार हे ठरतं. थर कमी पडला की शाई फुटते, रेघेच्या दोन्ही कडांना केसांसारखी मुळं फुटलेली दिसतात. दुकानात बोटानं चाचपून हे कळत नाही. एक-एक सुटा कागद आणा आणि कोपऱ्यात चाचणी घ्या. एक रेघ भरभर ओढा, एक अगदी सावकाश. एक ठिपका देऊन निब तिथेच टेकवून मनात तीनपर्यंत मोजा. एकमेकींना छेदणाऱ्या दाट रेघांचा छोटा चौकोन काढा. सुकल्यावर त्यावर ओला ब्रश फिरवा, मग खोडरबर. सावकाश ओढलेली रेघ आणि तो थांबलेला ठिपका कागदाचं खरं रूप दाखवतात. भरभर ओढलेली रेघ जवळपास कुठल्याही कागदावर बरी दिसते.

सरावाला झेरॉक्सचा ७५ जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाचा, कागद चालेल, पण फाइनलायनरसाठीच (आत शाई भरलेलं बारीक टोकाचं पेन), कारण टोकदार निब त्याचे तंतू उचकटते. टाकाच्या कामाला गुळगुळीत आयव्हरी किंवा हॉट-प्रेस्ड कागद घ्या. कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेचा साधा जाडसर कागद, घेतलात तर १३० जीएसएमच्या वरचा. शाईत पाणी घालून छटा द्यायच्या असतील तर ३०० जीएसएमचा जलरंगाचा कागद, म्हणजे तो पोपडे धरल्यासारखा वर-खाली होत नाही.

हँडमेडबद्दल थोडं सविस्तर, कारण तो आपल्या गावचा विषय आहे. शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० सालची, गांधीजींच्या प्रेरणेनं सुरू झालेली. तिथे सुती चिंध्यांचा लगदा करून कागद बनत आला. असा कागद चिवट असतो, लाकडी लगद्याच्या स्वस्त कागदासारखा चट्कन पिवळा पडत नाही आणि ब्रश किंवा बोरूखाली फार छान वागतो. अणकुचीदार निब मात्र त्यात अडकते. टोकाच्या चिरेत एक तंतू शिरला की पुढची रेघ दुप्पट जाड येते आणि काय झालं ते आपल्याला उशिरा कळतं. हँडमेडवर टाक वापरायचाच असेल तर निब बोथट घ्या, हात हलका ठेवा आणि थोड्या-थोड्या वेळानं निब पुसत राहा.

पावसाळ्याचा वेगळा हिशेब. मार्चमध्ये शहाण्यासारखा वागलेला कागद जुलैत ओल धरतो आणि शाई फोडतो. सगळे कागद झिपच्या प्लास्टिक फोल्डरात ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, लागेल तेवढा एकच बाहेर काढा. दमट दिवशी निबमध्ये शाई कमी घ्या.

शाई

दोन जाती लक्षात ठेवा. फाउंटन पेनची नेहमीची शाई रंजकाची असते. पाण्यात पूर्ण विरघळलेली, पाणी लागलं की पसरणारी, उन्हात विटणारी. चित्राची काळी शाई काजळीची, म्हणजे कार्बनचे बारीक कण आणि त्यांना कागदावर धरून ठेवणारा चिकटा. कार्बन उन्हाला दाद देत नाही. पेशवे दफ्तरातले मोडी कागद दोनशेहून अधिक वर्षांनी आजही काळेभोर वाचता येतात ते काजळीच्या शाईमुळे.

वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकमध्ये चिकटा म्हणून बहुधा लाख असते. सुकली की ती पाण्याला हलत नाही, म्हणून रेघेवरून निर्धास्त वॉश, म्हणजे पाणी घातलेल्या शाईचा पातळ हात, फिरवता येतो. याच कारणासाठी ही शाई फाउंटन पेनात कधीही भरायची नाही. आत सुकली की पेन गेलं. सुरुवातीला कॅमलची वॉटरप्रूफ काळी पुरेशी आहे, कोपऱ्यावरच्या स्टेशनरीतही मिळते. ही कंपनी १९३१ साली घोडा छाप शाईच्या पुड्या विकत सुरू झाली होती, म्हणजे शाई हा तिचा मूळ धंदा. महागड्या जपानी बाटल्या नंतर. उन्हाळ्यात उघडझाप होऊन शाई दाट झाली तर फिल्टरचं पाणी थेंब-थेंब घाला. बोअरवेलचं जड पाणी घातलं तर ती फाटते, कण तळाला बसतात.

एखाद्या शाईचा भरवसा वाटत नसेल तर कागदाच्या पट्टीवर रेघा ओढून अर्धी पट्टी पुठ्ठ्यानं झाका आणि ऊन येणाऱ्या खिडकीत महिनाभर चिकटवून ठेवा. दुकानदाराला विचारण्यापेक्षा हे बरं.

टाक, बोरू, ब्रश

नवीन निबला गंज लागू नये म्हणून कारखान्यात तेलाचा पातळ थर देतात. तो काढल्याशिवाय शाई निबवर पसरत नाही, थेंब-थेंब होऊन निसटते. भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब जुन्या टूथब्रशवर घेऊन दोन्ही बाजूंनी हलकं घासा, धुवा, लगेच कोरडं करा. निबच्या मध्यावर भोक असतं, शाईत तिथपर्यंतच बुडवायची. वर काढताना पाठ दौतीच्या काठाला टेकवून जास्तीची शाई उतरवा आणि पहिली रेघ रद्दी कागदावर ओढा.

‘जी’ (इंग्रजी G) नावाची निब पहिली घ्यायला उत्तम. ताठ आहे, नवख्याचा दाब सोसते, तरी दाबलं की रेघ जाड होते. केसासारखी रेघ देणाऱ्या बारीक क्रोक्विल निबा मागाहून घ्या. कुठलीही निब आपल्याकडे ओढायची, पुढे ढकलायची नाही. ढकलली की टोकं कागदात रुततात, मग एकदम सुटतात आणि बारीक शिंतोडे उडतात. म्हणून मनगट वाकडं करण्यापेक्षा बोर्ड फिरवा.

काम चालू असताना दर पाच-दहा मिनिटांनी निब ओल्या फडक्यानं पुसायची. उठताना धुऊन पूर्ण कोरडी. सुकलेली लाखेची शाई पाण्यानं निघत नाही, काच पुसायच्या अमोनियावाल्या द्रवात थोडा वेळ ठेवली की सुटते.

फाइनलायनरला नाकं मुरडणारे असतात, मी त्यांच्यातला नाही. बाहेर उभ्यानं काढायचं असेल तर दौत कुठे धरणार? मायक्रॉनच्या पेनांवरचे आकडे मात्र फसवे असतात. ०१ म्हणजे ०.२५ मिलिमीटर, ०३ म्हणजे ०.३५, ०५ म्हणजे ०.४५. ०३ आणि ०८ एवढी दोन पुरतात. ००५चं टोक खरखरीत कागदावर लवकर आत दबतं.

बोरू घरी करता येतो. बोटाएवढ्या जाडीचा वाळलेला पोकळ बांबू घ्या, वीतभर लांब. धारदार कटरनं एका टोकाला बोटभर लांबीचा तिरका काप द्या, आतला भुसभुशीत भाग खरवडून काढा, दोन्ही बाजूंनी निमुळतं करत हवं तेवढं रुंद टोक ठेवा. मग टोक पाटावर दाबून एका झटक्यात सरळ छाटा आणि मधोमध छोटी चीर पाडा. ओलसर बांबू घेतला तर चीर वाकडी जाते. बोरूत शाई फार राहत नाही, रेघ पटकन कोरडी पडते, आणि खडबडीत कागदावर ती कोरडी तुटक रेघ जुन्या भिंती, झाडाची खोडं, दगड यांना इतकी शोभते की निबनं तासभर खपून ते साधत नाही.

ब्रशबद्दल थोडक्यात. टोक धरणारा एकच गोल ब्रश, चार किंवा सहा नंबरचा. ब्रशच्या रेघेत केवढा दम असतो ते बघायचं तर बालेवाडीला आर. के. लक्ष्मण यांच्या चित्रांच्या दालनात जाऊन या. त्यांची शेवटची वर्षं पुण्यातच गेली. कोटाच्या एका घडीवर रेघ कुठे जाड होते आणि कुठे विरते, तेवढंच बघत उभं राहावं.

सराव

फार ताणायचा नाही. एका पट्टीवर पाच चौकोन आखा. पहिला कोरा, शेवटचा पूर्ण काळा, मधले तीन फक्त रेघांनी टप्प्याटप्प्यानं गडद करा. रेघ संपताना टाक उचलत संपवा, तिथेच थांबून संपवलीत तर प्रत्येक टोकाला गाठ येते. रेघांचा दुसरा थर पहिल्याला काटकोनात टाकला की पिठाच्या चाळणीची जाळी दिसते. वीस-तीस अंशांचा कोन ठेवा. आणि पहिला थर सुकू द्या. ओल्यावर टाकलात तर छेदाच्या जागी शाई साचून काळे ठिपके पडतात. हे पाच चौकोन ज्या दिवशी एकसारखे चढते दिसतील त्या दिवशी पुढे जा.

एक अख्खं चित्र

विश्रामबागवाडा घेऊ. दुसऱ्या बाजीरावाचा, १८०७च्या सुमाराचा. दर्शनी भागाचा लाकडी सज्जा आणि सुरूच्या झाडासारखे निमुळते होत जाणारे खांब शाईसाठी उत्तम, कारण खोल सावली आणि कोरलेलं लाकूड शेजारी-शेजारी आहेत. अख्खा दर्शनी भाग काढायच्या फंदात पडू नका. दोन खांब, मधली कमान, खालचा कठडा, एवढं ए-फोरला भरपूर झालं.

सकाळी दुकानं उघडायच्या आत समोरच्या फुटपाथवर उभे राहा. नंतर बाजीराव रस्त्यावर वाड्यापेक्षा बसच जास्त दिसतात. ए-फाइव्ह वही, पेन्सिल आणि ०३. तिथे चित्र पूर्ण करायचं नसतं, माहिती घ्यायची असते. खांबाची उंची रुंदीच्या किती पट, कमानीचा माथा कठड्यापासून किती वर, सावलीची कड नेमकी कुठून जाते. जिथे सगळ्यात काळं तिथे फुली मारा आणि शेजारी तसं लिहा. फोटो घ्या, पण त्यावर विसंबू नका. डोळ्याला सज्जाच्या सावलीत तुळया दिसतात, मोबाइलच्या फोटोत बऱ्याचदा तिथे नुसता अंधार येतो.

घरी आल्यावर काडेपेटीएवढ्या चौकटीत तीनच छटांचं कच्चं चित्र करा: कागदाचा पांढरा, रेघांचा करडा, भरीव काळा. अशी तीन-चार वेगवेगळी करा आणि हातभर लांबून बघा. काळं कुठे हवं हे इथेच ठरवायचं. आमच्या वाड्याच्या चित्रात काळं कमानीमागे जातं, म्हणजे खांबाची उजेडाची कड रेघ न ओढताही उठून दिसते.

पेन्सिल एचबी, हलक्या हातानं. २एच कागदावर चरे पाडते आणि निब नेमकी त्या चऱ्यात घसरते. लाइटबॉक्स नसेल तर पातळ कागद दिवसा खिडकीच्या काचेवर धरून गिरवा. आयव्हरीतून दिसत नाही. त्यासाठी ट्रेसिंगच्या मागून २बी घासा आणि वरून गिरवा. शेवटी मऊ खोडरबर दाबून पेन्सिल जेमतेम दिसेल एवढी फिकी करा, कारण दाट ग्रॅफाइटवर शाई नीट धरत नाही.

आता बैठका पाडा. पेन्सिलच्या चित्रावरच ठरवा की आज हा खांब, उद्या कमान, परवा कठडा. हद्द नेहमी वस्तूच्या कडेवर घ्या, सपाट छटेच्या मधोमध कधीही नाही. दुसऱ्या दिवशी शाईचा दाटपणा वेगळा असतो, निब थोडी झिजलेली असते, हातही वेगळा असतो. एकाच भिंतीचा अर्धा भाग आज आणि अर्धा उद्या केला तर जोड दिसतोच. खांबाच्या कडेला थांबलात तर तो फरक कुणाला शोधूनही सापडत नाही. चाळीसच मिनिटं मिळणार असतील तर चाळीस मिनिटांचा तुकडा पाडा. घड्याळ बघून शेवटचा भाग उरकलात की त्या रेघा घाईच्या आहेत हे लगेच दिसतं.

वरून डावीकडून खाली उजवीकडे सरका, डावखुरे असाल तर वरून उजवीकडून डावीकडे. हाताखाली कोरा कागद हवाच, तळहाताचा घाम कागदाला लागला की तिथे शाई वेगळी वागते. पहिल्यांदा सावलीकडच्या कडा. उजेडाकडच्या कडा तुटक ठेवा, काही ठिकाणी सोडूनच द्या. खांब गोल आहे, म्हणून छायेच्या रेघा त्याच्या गोलाईवरून वळवा, उजेडाजवळ विरू द्या. सावलीकडच्या अगदी कडेला एक चिंचोळी फिकी पट्टी राखा, शेजारून परतलेला उजेड तिथे असतो. ही पट्टी बुजली की खांब फळीसारखा सपाट होतो. कोरीव काम सगळं काढू नका. सावली बदलते त्या पट्ट्यात चार पाकळ्या नीट काढल्या की उरलेल्या डोळा स्वतः भरून घेतो.

भरीव काळं सगळ्यात शेवटी आणि ब्रशनं. निबनं भरत बसलात तर कागद सोलवटतो. पातळ दोन हात द्या, मध्ये सुकू द्या. पेन्सिल दुसऱ्या दिवशी खोडा, पावसाळ्यात आणखी एक दिवस थांबा. वरून सुकलेली शाई आत ओली असू शकते आणि रबर तिला फासतं.

वॉश द्यायचा असेल तर तीन वाट्यांत फिकं, मध्यम, गडद आधीच करून ठेवा आणि रद्दी तुकड्यावर सुकवून बघा, सुकल्यावर छटा उतरते. फिक्यापासून सुरू करा. एकदा दिलेला वॉश ओला असताना पुन्हा चोळू नका.

चुकलं तर

थेंब पडला तर पुसायचं नाही. टिपकागदाचं टोक थेंबाला नुसतं टेकवा, तो शोषून घेईल. पूर्ण सुकल्यावर जाड कागद असेल तर नव्या ब्लेडच्या टोकानं डाग हलका खरवडा आणि जागा नखाच्या पाठीनं घासून बसवा. त्या जागी पुन्हा शाई लावलीत तर ती फुटणार, एवढं लक्षात ठेवा. पातळ कागदावर पांढरा पोस्टर रंग लावा. छपाईचं चित्र असेल तर हे कुणाला दिसत नाही, आणि मूळ चित्र विकायचं असेल तरी अशा दुरुस्तीत लपवण्यासारखं काही नाही.

स्कॅन आणि सांभाळ

नुसत्या रेघांचं चित्र ६०० डीपीआयला, वॉश असेल तर ३००ला, दोन्ही करड्या मोडमध्ये. स्कॅनरचा निव्वळ काळा-पांढरा मोड टाळा, तो बारीक रेघा खातो. लेव्हल्स, म्हणजे काळ्या-पांढऱ्याचं प्रमाण, नंतर हातानं लावा. मोबाइलनं फोटो काढायचाच तर खिडकीपाशी, थेट ऊन नको, आणि फोन कागदाला समांतर.

मूळ चित्रं लोखंडी कपाटातल्या आडव्या फोल्डरात ठेवा, दोन चित्रांमध्ये बटर पेपर. भिंतीला चिकटलेलं कपाट असेल तर पावसाळ्यात वीतभर पुढे ओढा. कसरीला कागदातला चिकटा फार आवडतो, म्हणून डांबराच्या गोळ्या पुडीत बांधून ठेवा, पण कागदाला लागतील अशा नकोत. गणपतीनंतर ऊन पडलं की फोल्डर उघडून सगळे कागद एक दिवस सावलीत, हवेशीर जागी पसरून ठेवा. शाईच्या बाटलीच्या झाकणाच्या आट्याही त्याच दिवशी ओल्या फडक्यानं पुसून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी झाकण पकडीनं उघडावं लागतं.